सुमो आणि एनएस-३ ची जोडी: मुंबईच्या रस्त्यांसाठी कितपत भरवशाची?

मोबाइल टॉवरची मदत न घेता धावत्या गाड्यांनी एकमेकींना निरोप पोचवायचे, तर प्रत्येक निरोपाची वाट ठरवणारा प्रोटोकॉल आधी संगणकावर तपासावा लागतो. गाड्यांच्या हालचालीची नक्कल करणारं सुमो आणि रेडिओ-नेटवर्कची नक्कल करणारं एनएस-३ ही त्यासाठीची सर्वांत उपयोगी सॉफ्टवेअर-जोडी. दोन्ही फुकट, दोन्ही मुक्तस्रोत, आणि एओडीव्ही, ओएलएसआर, डीएसडीव्ही हे प्रोटोकॉल एनएस-३ मध्ये तयार मिळतात. पण मूळ सेटिंग्जवर मुंबईचे निकाल काढले, तर ते बिनकामाचे ठरतात.

नकाशाचं काम सुमो झकास करतं. ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा उतरवून घेणाऱ्या ओएसएम वेब विझार्डमध्ये दादर टीटी ते सायन हा पट्टा निवडा आणि डाव्या बाजूच्या वाहतुकीची खूण न विसरता करा. गाड्यांचं मिश्रण मात्र स्वतः ठरवावं लागतं: बेस्टच्या बस, काळी-पिवळी, दुचाकी. रिक्षा सायन-वांद्र्याच्या उत्तरेलाच, साधारण २.६ मीटर लांब आणि १.३ मीटर रुंद. लेन अरुंद पट्ट्यांत वाटणारं लॅटरल रिझोल्यूशन ०.८ मीटर ठेवलं की दुचाकी फटींतून पुढे सरकतात. ते नसेल तर प्रत्येक स्कूटर अख्खी लेन अडवते, आणि रेडिओच्या टप्प्यात किती शेजारी आहेत हा आकडाच चुकतो.

सर्वांत मोठा घोटाळा टेलिपोर्टचा. ३०० सेकंद अडकून पडलेली गाडी सुमो उचलून पुढच्या रस्त्यावर ठेवतं. हिंदमाताच्या कोंडीत हे होणारच. गाडी गायब झाली की जुळलेली लिंक तुटते आणि दोष प्रोटोकॉलच्या माथी जातो. टाइम-टू-टेलिपोर्ट उणे १ करा. मग चौक कायमचा तुंबला, तर सिग्नलच्या वेळा तपासा आणि तुकड्यांत आलेले चौक सुमोच्या नेटकन्व्हर्ट या नकाशा बनवणाऱ्या साधनात जोडून घ्या.

सुमोच्या ट्रेस एक्स्पोर्टरने काढलेली एनएस-२ फाइल, म्हणजे गाड्यांच्या हालचालीची नोंद, एनएस-३ बिनतक्रार वाचतं, पण तिथेही एक खोच आहे. अजून न निघालेली गाडी सुरुवातीच्या जागी आणि पोचलेली गाडी शेवटच्या जागी उभी राहते, आणि दोन्ही पॅकेट पाठवत राहतात. एक्स्पोर्टर निघण्या-पोचण्याच्या वेळांची वेगळी फाइल देतो, ती एनएस-३ आपोआप वाचत नाही. त्या वेळांनुसार प्रत्येक नोडचा, म्हणजे गाडीचा, रेडिओ चालू-बंद करणारा कोड लिहावाच लागतो. न लिहिल्यास रस्ता रिकामा असतानाही मार्ग सापडतो, आणि निकाल खोटाच चांगला दिसतो.

प्रोटोकॉलांची तुलना करणारं तयार उदाहरण सोबत येतं, पण त्यात रेडिओ ८०२.११बी, म्हणजे जुनं वाय-फाय, आणि प्रसाराचं मॉडेल फ्रिसचं, म्हणजे मोकळ्या मैदानाचं. गाड्यांसाठीचं ८०२.११पी मानक, १० मेगाहर्ट्झ चॅनेल घ्या आणि सिग्नलचा चढउतार दाखवणारं नाकागामी फेडिंग जोडा. तरीही कोपऱ्यावरची चाळ सिग्नल अडवते हे त्यात येत नाही. इमारतींचा अडथळा महत्त्वाचा असेल तर सुमोला ओमनेट++ या दुसऱ्या सिम्युलेटरशी जोडणारं व्हेन्स घ्या. त्यात तो हिशेब आहे, आणि आयनेट ही प्रोटोकॉलांची लायब्ररी जोडली की गाड्यांच्या जागेवरून वाट ठरवणारा जीपीएसआरही मिळतो.

सुधारणेला वाव कुठे, हे या जोडीवर लख्ख दिसतं. एओडीव्हीचा हॅलो, म्हणजे शेजाऱ्यांना 'मी आहे' सांगणारा छोटा निरोप, दर १ सेकंदाला जातो आणि दोन हॅलो चुकले की लिंक तुटली असं धरलं जातं. सी लिंकवर ताशी ८० किलोमीटरने समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांमधलं अंतर २ सेकंदांत जवळपास ८९ मीटरने बदलतं. अशा रस्त्यावर हॅलो अर्ध्या सेकंदावर आणा आणि मार्ग निवडताना त्याच दिशेच्या गाडीला पसंती द्या. कोंडीत याच्या उलट: लिंका टिकतात, पण मार्ग शोधणाऱ्या विनंत्यांचा पूर येतो. तिथे हॅलो आणखी वारंवार पाठवले तर चॅनेल आणखी तुंबतं. पूर आवरायचा तर शेजारी जितके जास्त तितकी विनंती पुढे पाठवण्याची शक्यता कमी ठेवा. एकच हॅलो सबंध शहराला चालवणारा शोधनिबंध म्हणूनच पटत नाही.

उड्डाणपुलांवर ही जोडी कमी पडते. एनएस-२ फाइलमधल्या हालचालीत फक्त क्ष, य आणि वेग असतो, उंची नाही. लालबागच्या पुलावरची गाडी आणि खालच्या आंबेडकर रोडवरची बस एकाच पातळीवर येतात, मधला काँक्रीटचा थर नाहीसा होतो. पूल असलेला पट्टा टाळा, नाहीतर पुलावरच्या आणि खालच्या गाड्यांमधली लिंक स्वतःच्या नुकसान-मॉडेलने कमजोर करा.

एकाच रनवर विसंबू नका. एनएस-३ चा रन क्रमांक आणि सुमोचं सीड (दोन्ही यादृच्छिक आकडे ठरवतात) बदललं नाही तर प्रत्येक वेळी हुबेहूब तेच आकडे येतात.