जळगावला उतरून एसटीने अजिंठा: टॅक्सी ठरवण्याआधी हे बघा

जळगाव स्टेशनाबाहेर पाठीवर सॅक दिसली की हाक येतेच, "अजिंठा का साहेब? जाऊन-येऊन, एसी गाडी." सकाळी एका रेल्वेतून उतरायचे, रात्रीची दुसरी पकडायची आणि मधल्या वेळात लेणी उरकायची, असा बेत असणाऱ्यांवर या गाड्यांचा धंदा चालतो. भाव चार आकडी असतो. पण एक गोष्ट बहुतेकदा आधी सांगितली जात नाही. खासगी गाडी लेण्यांपर्यंत जातच नाही. फर्दापूरच्या पुढे लेणी फाटा आहे, हल्ली सगळे त्याला टी-पॉइंट म्हणतात. तिथे गाडी लावायची आणि उरलेले चार किलोमीटर एसटीच्याच बसने जायचे. टॅक्सीवाला असो की ट्रॅव्हल्सवाला, शेवटी सगळे त्याच रांगेत. मग अलीकडचे साठेक किलोमीटरही एसटीनेच का जाऊ नये? जाताना खुशाल जावे. येतानाचे गणित मात्र आधी मांडून ठेवायला हवे.

सगळ्यात आधी वार बघा. सोमवारी अजिंठा बंद असतो. वेरूळ मंगळवारी बंद, त्यामुळे दोन्हींची गल्लत होऊन सोमवारी फाट्यावर उतरणारे लोक कायम भेटतात. लेणी सकाळी नऊला उघडतात आणि पाचच्या सुमारास आवरायला लागतात. जळगावात अकरानंतर उतरणार असाल तर एसटीचा नाद सोडा.

सामान मोठे असेल तर रेल्वेच्या क्लोकरूममध्ये ठेवा. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत आणि प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते. छोटे कुलूप घरूनच आणले तर स्टेशनाबाहेर शोधत फिरायला नको. स्टेशनावरून नवीन बस स्थानक दीड-दोन किलोमीटर आहे. पायी जाता येते, पण मार्च ते जूनमध्ये रिक्षाच करा. जळगावचे ऊन बाहेरच्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासातच कळते.

स्थानकावर "अजिंठा लेणी" अशी पाटी शोधत बसू नका. छत्रपती संभाजीनगरकडे किंवा सिल्लोडला जाणारी बस बघायची. ती कुसुंबा, नेरी, पहूर, वाकोद करत फर्दापूरला येते. पुण्याची पाटी दिसली म्हणून लगेच चढू नका, लांब पल्ल्याच्या सगळ्याच गाड्या या रस्त्याने जात नाहीत. चढण्याआधी कंडक्टरला दोन गोष्टी विचारा: गाडी अजिंठामार्गे आहे का, आणि लेणी फाट्यावर थांबते का. धुळे-अमळनेरकडचा माणूस सरळ विचारेल, "हाई गाडी लेणीना फाटावर थांबस का, भाऊ?" दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. काही जलद गाड्या फर्दापूर गावात थांबतात आणि फाट्यावरून तशाच पुढे जातात. गाव आणि फाटा यांत साधारण दीड किलोमीटर अंतर आहे. तेवढे चालता येते, पण ट्रकच्या रहदारीतून भर उन्हात.

यात सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे तिकीट काढताना नुसते "एक अजिंठा" म्हणणे. अजिंठा नावाचे गाव वेगळे आहे, ते फाट्याच्या पुढे घाट चढून दहा-अकरा किलोमीटरवर येते. कंडक्टर त्या गावाचे तिकीट देतो, प्रवासी निवांत झोपतो आणि घाटावर उतरल्यावर कळते की लेणी खाली दरीत राहिली. मग उलट दिशेची बस बघा, आणि तासभर तरी गेलाच म्हणून समजा. म्हणून शब्द लक्षात ठेवा, "अजिंठा लेणी, फाटा". पहूर गेले, वाकोद गेले की जागे राहायचे. फर्दापूर गावातली दुकाने मागे पडली की सॅक पाठीवर घेऊन दारापाशी यायचे.

भाड्याचे म्हणाल तर एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा असतो. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीने एका बाजूला शंभर-सव्वाशेच्या घरात तिकीट बसते. महिलांना मार्च २०२३ पासून सगळ्या प्रकारच्या एसटीत निम्मे तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्यांनाही निम्मे, आणि ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत. वयाच्या सवलतीसाठी आधार कार्ड जवळ हवे. नवीन मशीनवर क्यूआर असतो, पण रेंज नसली की कंडक्टर सुट्टे मागतो, तेव्हा दहा-वीसच्या नोटा खिशात असू द्या. एका माणसाचे दोन्हीकडचे भाडे, फाट्यावरची बस आणि लेण्यांचे ४० रुपयांचे तिकीट धरून दिवस साडेतीनशेच्या आसपास उरकतो, बाईमाणसाचा त्याहूनही कमीत. हेच चौघांनी टॅक्सी केली तर डोईचा फरक एवढा मोठा राहत नाही. पाच-सहा जण असतील, त्यात म्हातारी माणसे असतील, तर टॅक्सीला नावे ठेवायचे कारण नाही.

वेळ दीड ते दोन तास धरा. नकाशावर कमी दिसते, पण नकाशाला पहूरचा बस थांबा आणि ट्रकच्या रांगा कुठे माहीत असतात! काळी-पिवळी जीपही या रस्त्याला चालतात. त्या भरल्याशिवाय हलत नाहीत आणि भरल्या म्हणजे किती, याला काही सीमा नाही. घाईच्या दिवशी त्यांच्या भरवशावर राहू नका.

भुसावळला उतरणाऱ्यांनी उगाच जळगावला येण्याची गरज नाही. भुसावळहून जामनेर, पहूर अशी सरळ वाट आहे. थेट संभाजीनगरची गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर पहूरला बदला. पहूर हे या सगळ्या प्रवासातले कामाचे ठिकाण आहे. जळगाव, जामनेर, पाचोरा आणि घाटाकडचा रस्ता इथे एकत्र येतात, त्यामुळे इथे अडकून पडण्याची वेळ क्वचितच येते.

फाट्यावर उतरल्यावर आधी तिथल्या आवाराच्या प्रवेशाची पावती, मग दुकानांची रांग आणि त्या रांगेच्या टोकाला लेण्यांकडची बस. ही रांग ओलांडणे म्हणजे एक परीक्षाच. स्फटिकाचे दगड विकणारे हातात कार्ड देऊन "येताना माझ्याच दुकानात या" असे कबूल करून घ्यायला बघतात, आणि येताना खरोखर नाव घेऊन ओळख देतात. घ्यायचे नसेल तर जातानाच स्पष्ट नाही म्हणा. "बघू" या शब्दाचा तिथे अर्थ "हो" असा होतो.

पुढची बस साधी आणि एसी अशा दोन प्रकारची असते. अंतर चारच किलोमीटर, तेव्हा जी समोर उभी असेल ती घ्या. एसीची वाट बघत वीस मिनिटे घालवण्यात अर्थ नाही. ही सेवा एकंदर चांगली आहे. भरली की सुटते, दरीत गाड्यांचा धूर आणि गोंगाट होत नाही. खोट सुट्टीच्या दिवशी दिसते: दुपारी तीन-चारला सगळे एकदमच खाली येतात, खालची रांग लांबत जाते आणि तुमच्या परतीच्या हिशेबातला अर्धा-पाऊण तास तिथेच जिरतो.

लेण्यांचे तिकीट ही बस जिथे सोडते त्या थांब्यापाशी मिळते, १५ वर्षांखालील मुलांना लागत नाही. ऑनलाइन काढायचे असेल तर जळगावातच काढा, दरीत मोबाइलच्या रेंजचा काही नेम नाही. पाणी इथेच भरून घ्या. डबा उघडा हातात धरून वर जाऊ नका, माकडे पिशवीच्या आवाजावरूनच ओळखतात की आत केळी आहेत. जेवण खाली थांब्यापाशी उरकावे. खानदेशी जिभेला ते सपक वाटेल, पण शेवभाजीची हौस रात्री जळगावात भागवता येते. पायऱ्या चढवत नसतील तर डोलीवाले असतात, दर आधी ठरवायचा. वर कड्याला आग्या मोहळे असतात. तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा काही नको.

वर गेल्यावर तीन तास हातात ठेवा. वाघूर नदीने केलेल्या घोड्याच्या नालेच्या आकाराच्या वळणात तीस लेणी एका ओळीत आहेत. सगळी बघायला गेलात तर काहीच नीट बघून होणार नाही. चित्रांसाठी १, २, १६, १७, शिल्पासाठी १९ आणि २६, आणि जुनेपणासाठी १०, एवढी ठरवून ठेवा. बसमधून उतरलेला घोळका हमखास १ नंबरच्या दारात थबकतो, कारण आत एका वेळी ठरावीकच माणसे सोडतात. तिथे रांग दिसली तर थेट १६-१७ कडे निघा आणि १ येताना बघा. आत दिवे मंद असतात. दोन-तीन मिनिटे नुसते उभे राहिले की डोळे सरावतात आणि भिंत हळूहळू उलगडायला लागते. बहुतेक लोक नेमके त्याआधीच बाहेर पडतात. फ्लॅश चालत नाही. चपला दर वेळी काढाव्या लागतात, म्हणून बंदांचे बूट नकोत, आणि उन्हाळ्यात पायमोजे घाला, बाहेरचा दगड तव्यासारखा तापतो.

१ नंबरमध्ये सगळे पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर गर्दी करतात, ते ठीकच आहे. पण उजवीकडच्या खांबांवर वर बघा: चार हरणे आणि चौघांना मिळून डोके एकच. कोणत्याही हरणाकडे बघा, डोके त्याचेच वाटते. १० नंबर हे इथल्या सर्वांत जुन्या चैत्यांपैकी एक, इसवी सनाच्या आधीचे. तिथल्या खांबावर जॉन स्मिथ या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख आपल्या नावासकट कोरून ठेवली आहे. ती शोधायला मान वर करावी लागते, कारण तेव्हा लेण्यात दगडमाती भरलेली होती आणि तो त्या ढिगावर उभा होता. १७ नंबर वाकाटक राजा हरिषेणाच्या एका मांडलिकाने करवून घेतले, असे तिथल्या शिलालेखावरून कळते. त्या मांडलिकाचे ऋषीक राज्य म्हणजे आजचा खानदेश, असे अभ्यासक मानतात. लेण्यांच्या सोयगाव तालुक्यात पाऊल ठेवले म्हणून खानदेश सुटला, असे समजायचे कारण नाही. २४ नंबर अर्धवट राहिले आहे, म्हणून लोक टाळतात. लेणे वरून खाली कसे कोरत आणत, हे समजून घ्यायचे असेल तर ते टाळू नका. शेवटी २६ मधला निजलेला बुद्ध, सुमारे सात मीटर लांब. तिथे पोचलात की घड्याळ बघा.

कारण एसटीच्या बेताची खरी कसोटी परतताना लागते.  टॅक्सीने जा की एसटीने, रेल्वे कोणासाठीच थांबत नाही. टॅक्सी फक्त फाट्यावर तुमची वाट बघत उभी असते, जास्तीचे पैसे तेवढ्याचेच. एसटीवाल्याने आपली रेल्वे सुटायच्या किमान पाच तास आधी लेण्यांतून खाली यायला निघावे. अर्धा-पाऊण तास खालच्या बसला, तेवढाच फाट्यावर, दोन तास रस्ता, आणि उरलेला वेळ घाटातल्या खोळंब्यासाठी. घाटात एखादा ट्रक बंद पडला तर फाट्यावर बसच येत नाही, आणि तुम्हाला कारणही कळत नाही, कारण घाट वर आहे आणि तुम्ही खाली.

फाट्यावर जळगावकडच्या गाड्या घाट उतरून येतात. त्या भरलेल्या असतात आणि उताराच्या वेगात असतात. दुकानांच्या सावलीत बसून हात केला तर ड्रायव्हरला दिसत नाही. जळगावच्या बाजूला, रस्त्याच्या डाव्या कडेला, उघड्यावर उभे राहायचे आणि पाटी वाचता येण्याआधीच हात करायचा. उभ्याने जायची तयारी ठेवा, पहूरला बरीच माणसे उतरतात आणि जागा होते. जळगावचीच हवी म्हणून अडून बसू नका: भुसावळ, जामनेर, पाचोरा, पहूरपर्यंत जाणारी कोणतीही चालते. अर्ध्या तासात एकही थांबली नाही तर रिक्षाने फर्दापूर गावात या, तिथे सगळ्या गाड्या वेग कमी करतात. आणि रेल्वे दोन तासांवर आली असेल तर हिशेब करत बसू नका. पार्किंगमध्ये जळगावची रिकामी परतणारी टॅक्सी विचारा. जाताना जो भाव ऐकून पुढे गेला होता, त्याच्या बऱ्याच खाली ती चारनंतर तयार होते.