कोची: बोटीने की सायकलने?

फोर्ट कोची आणि मट्टनचेरी हे कोचीचे जुने भाग बघायला दोन सोयी आहेत. एक, खाडीच्या अलीकडे एर्नाकुळमला मुक्काम करून रोज बोटीने पलीकडे जायचं. दुसरी, थेट फोर्ट कोचीत उतरायचं आणि भाड्याची सायकल घ्यायची. मी पहिल्या खेपेला बोटवाला होतो, दुसऱ्या खेपेला सायकलवाला.

बोटीची बाजू लेचीपेची नाही. १३४१ च्या पुरात पेरियार नदीने वाट बदलली आणि कोचीचं बंदर तयार झालं, असं सांगतात. वाचताना त्याचं काही वाटलं नव्हतं. सरकारी बोटीच्या खिडकीशी बसल्यावर समुद्राकडे उघडलेलं खाडीचं तोंड दिसलं, तेव्हा पोर्तुगीज, डच, इंग्रज एकामागोमाग इथेच का घुसले ते उमगलं. वाटेत विलिंग्डन बेट लागतं, बंदर खोल करताना उपसलेल्या गाळावर उभं केलेलं. २०२४ पासून फोर्ट कोचीला वॉटर मेट्रोची नवी बोटही जाते. तिच्यात एसी आहे, जुन्या बोटीत वारा. मला वारा चालतो.

अडलं ते परतीला. मासेमारीच्या चिनी जाळ्यांपाशी सूर्यास्त बघायला सगळा गाव लोटतो आणि अंधार पडू लागला की तोच गाव जेट्टीकडे वळतो. पहिल्या संध्याकाळी मी रांगेत पाऊण तास उभा होतो. दुसऱ्या दिवशी शहाणपणा करून लवकर निघालो, तर सूर्य पाठीमागे बुडत होता आणि मी पुढच्याच्या पिशवीकडे बघत होतो. तिसऱ्या दिवशी तर दुपारपासूनच घड्याळात डोळे. तेवढ्या एका गोष्टीने माझं मन फिरलं. गर्दी नसलेल्या आडवारी गेलात तर कदाचित तुम्हाला हा त्रास होणारही नाही.

सायकलला घाई नाही. रस्ते सपाट, त्यामुळे गियरची गरज पडत नाही. ब्रेक आणि सीट मात्र पैसे देण्याआधी तपासा. सकाळी सातला सेंट फ्रान्सिस चर्चपाशी फक्त कावळे होते. तिथून मट्टनचेरीचा बझार रोड गाठला. बोटीतून याच वखारींची पाठ दिसते, पाण्याकडे वळलेली. सायकलवरून त्यांची दारं लागतात, आणि दाराआधी सुंठ-मिरीचा वास. पोत्यांचे ट्रक लागायच्या आत तिथून निघावं. पुढे चेरलाईत दोन आजोबा बोलत होते, ते निम्मंअधिक कळलं. मल्याळम नव्हतं, कोकणी होतं. पोर्तुगीजांच्या काळात गोवा सोडलेल्या सारस्वतांची ही वस्ती, तिरुमल देवस्वमचं मंदिर तिथेच. बोटीच्या वेळापत्रकात हा अर्धा तास बसला नसता.

अकरानंतर ऊन आणि दमट हवा मिळून माणसाचं लोणचं घालतात, हे कबूल. आईला घेऊन जाईन तेव्हा बोटच घेईन. पावसाळ्यातही.

बोट अगदीच सुटते असंही नाही. फोर्ट कोचीहून समोरच्या वायपीन बेटावर जंकार, म्हणजे गाड्या नेणारा तराफा, जातो, त्यावर स्कूटर-गाड्यांच्या मधे सायकल उभी करता येते. पाच-दहा मिनिटांचं पाणी, मला तेवढं पुरलं.

शुक्रवार-शनिवार मात्र टाळा. शुक्रवारी मट्टनचेरी राजवाडा बंद, शनिवारी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ.