लिनक्सवर यूएसबी कॅप्चर उपकरण : आठ महिन्यांच्या वापरानंतर
घरातल्या जुन्या व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवून घेण्यासाठी गेले आठ महिने मी एसटीके११६० चिपचे यूएसबी कॅप्चर उपकरण लिनक्सवर वापरतो आहे. त्याआधी घेतलेले उपकरण दिसायला हुबेहूब असेच होते आणि खोक्यावरचे नावही तेच होते. पण आतली चिप निराळी निघाली, तिचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, नव्हता आणि चार संध्याकाळी घालवूनही पडद्यावर चित्र उमटले नाही. तेव्हा निवड चिप पाहूनच करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

विक्रेत्याला चिपचे नाव सांगता येत नसेल, तर परत करण्याची सोय असेल तरच उपकरण घ्यावे आणि हाती येताच टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी ही आज्ञा देऊन त्याचा ओळख क्रमांक पाहावा. तिथे १बी७१:३००२ दिसले, तर ते यूएसबीटीव्ही ड्रायव्हरवर चालणारे उपकरण असते. एसटीके११६०चा ड्रायव्हर २०१२ मधल्या ३.७ आवृत्तीपासून आणि यूएसबीटीव्हीचा २०१३ मधल्या ३.११ पासून कर्नेलमध्येच असल्याने वेगळे काही बसवावे लागत नाही. एम्पियाच्या ईएम२८ मालिकेतल्या बऱ्याच चिपही चालतात.

माझ्या उपकरणात पहिल्याच दिवशी चित्र वरखाली सरकत होते. ड्रायव्हर सुरुवातीला एनटीएससी ही अमेरिकेतली टीव्ही चित्राची पद्धत गृहीत धरतो आणि माझ्या कॅसेट पाल या आपल्याकडच्या पद्धतीच्या आहेत, एवढेच त्याचे कारण होते. व्ही४एल२-सीटीएल ही आज्ञा वापरून पद्धत बदलताच चित्र स्थिर झाले. मात्र उपकरण काढून पुन्हा लावले की हे परत करावे लागते.

पालचे ७२० बाय ५७६ बिंदूंचे चित्र सेकंदाला २५ वेळा, प्रत्येक बिंदूला दोन बाइट या हिशेबाने, न दाबता (कॉम्प्रेस न करता) येते. म्हणजे सेकंदाला सुमारे २ कोटी ७ लाख बाइट. एकाच यूएसबी हबवर (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीवर) बाहेरची हार्ड डिस्कही जोडली होती, तेव्हा एवढ्या डेटाला वाट अपुरी पडून चित्राच्या मधोमध हिरव्या पट्ट्या येत. उपकरण थेट संगणकाच्या पोर्टला लावल्यापासून त्या एकदाही दिसल्या नाहीत.

हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात, तो उपकरणाचा दोष नाही. सिग्नलच इंटरलेस्ड असतो, म्हणजे चित्राच्या एकाआड एक रेषा दोन वेगळ्या क्षणी येतात. मी मूळ चित्रण तसेच जपतो आणि पाहण्याच्या प्रतीवरच या रेषा घालवणारा, एफएफएमपेग या व्हिडिओ प्रोग्रॅममधला यादिफ फिल्टर लावतो. आवाज स्वतंत्र साउंड कार्ड म्हणून येतो. तो दुसऱ्या प्रोग्रॅमने घेतला, तेव्हा तासाभराच्या कॅसेटच्या शेवटी ओठ आणि शब्द जुळेनासे झाले. आता दोन्ही एकाच आज्ञेत घेतो.

झिजलेल्या फितीपुढे मात्र हे उपकरण कमी पडते. एका लग्नाच्या कॅसेटची पहिली दहा मिनिटे दर वेळी तुटत होती. टाइम बेस करेक्टर (फितीवरून येणाऱ्या सिग्नलची डगमगती वेळ सावरणारी सोय) असलेल्या दुसऱ्या व्हीसीआरवर, याच उपकरणातून, ती सलग उतरली.