जळगावातल्या अभ्यासिकेची रविवारची बॅच, माझा अनुभव

सहा महिने झाले मी एरंडोलहून एसटीने अपडाऊन करतेय, जळगावात एक अभ्यासिका लावलीय, तिथे दर रविवारी सर आंतरराष्ट्रीय संबंध शिकवतात. त्याबद्दल लिहायचंच होतं.

आधी तक्रार सांगून टाकते. हॉल वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली, मे महिन्यात अक्षरशः भट्टी होते, कूलरमध्ये पाणी भरायला कुणी नसतं, दोनदा सांगितलं तरी फरक नाही.

पण शिकवणं! मागच्या रविवारी विषय होता नरसंहार आणि सरकारं. मला वाटलं तारखा आणि कलमं लिहून देतील, पण सरांनी आल्या आल्या एक जुनं पाकीट बाकावरून फिरवलं, त्यांच्या आजोबांना आलेलं, १९७१ चं, कडा पिवळ्या पडलेल्या आणि नेहमीच्या तिकिटाच्या बाजूला पाच पैशाचं जास्तीचं तिकीट. बांगलादेशी निर्वासितांच्या मदतीसाठी तेव्हा ते सक्तीचं होतं. म्हणजे ढाक्यात माणसं मरत होती, कोटीभर लोक भारतात आले होते आणि आपल्या खानदेशातल्या शेतकऱ्याच्या पत्रावरसुद्धा त्याचा भार होता. माझ्या हातात ते पाकीट आलं तेव्हा खरंच गलबलून आलं.

मग सरांनी सांगितलं की अमेरिकेला सगळं माहीत होतं, त्यांचा ढाक्यातला राजनैतिक अधिकारी आर्चर ब्लड याने एप्रिलमध्येच स्वतःच्या सरकारविरुद्ध कडक तार केली, तर त्यालाच तिथून हलवलं, कारण राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्यांचा सल्लागार किसिंजर यांना चीनशी संबंधांचं दार उघडायचं होतं आणि ते पाकिस्तानमार्फत उघडणार होतं. जुलैमध्ये पोट बिघडल्याचं सांगून किसिंजर पाकिस्तानातूनच गुपचूप बीजिंगला गेला. त्यापुढे माणसांच्या जिवाचा नंबरच लागला नाही.

आफ्रिकेतल्या रवांडाचं तर त्याहून वाईट. ११ जानेवारी १९९४ ला संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या शांतिसेनेच्या जनरल डॅलेरने न्यूयॉर्कच्या मुख्यालयाला कळवलं की शस्त्रं लपवलीत, कत्तलीची तयारी चाललीय, त्यांना छापा घालू नका असं उत्तर आलं. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली, दहा बेल्जियन सैनिक मारले गेले, बेल्जियमने माणसं काढून घेतली आणि २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने फौज २७० वर आणायचं ठरवलं. वाढवायची सोडून कमी केली! सोमालियात १८ अमेरिकन सैनिक मारले गेले होते, त्यामुळे अमेरिकेला आफ्रिकेत पुन्हा हात घालायचा नव्हता, 'जेनोसाईड' म्हणजे नरसंहार हा शब्द उच्चारायलाही त्यांचे प्रवक्ते आढेवेढे घेत होते, कारण शब्द वापरला की नरसंहाराविरुद्धच्या १९४८ च्या कराराने काहीतरी करणं भाग पडलं असतं. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं गेली.

माझ्या शेजारी बसणाऱ्या पारोळ्याच्या मुलाने विचारलं, सर माहिती नव्हती म्हणून झालं का? सर म्हणाले, बेटा, माहिती टेबलावरच होती. मी ते वहीत लाल पेनाने लिहून ठेवलंय, कारण उद्या आमच्यातलंच कुणी त्या टेबलाशी बसणार आहे.

पुढच्या रविवारी बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साचा नरसंहार हा विषय आहे. सकाळी दहाला सुरू होतं, खिडकीजवळची जागा हवी असेल तर साडेनऊलाच या आणि पाण्याची बाटली घरून आणा.