गल्लीतलं दुकान की साखळीचं शोरूम? ट्रेकिंगचं सामान विकायची नोकरी

खानापूरच्या माझ्या मामेभावाला एकाच आठवड्यात दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय. एक बेळगावच्या बाजारातलं जुनं दुकान: रेनकोट, सॅक, गमबूट, ताडपत्री, फौजी ट्रंका, आणि कामाला चार पोरं. दुसरं हायवेला लागून असलेलं साखळीचं शोरूम: तंबूपासून सायकलीपर्यंत माल, तीसेक जणांचा स्टाफ. मी पहिल्यासारख्या दुकानात तीन वर्षं आणि दुसऱ्यासारख्यात दोन वर्षं काढली आहेत. त्याला फोनवर सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण असं विचारणारा तो एकटा नाही.

पगाराचं आधी उरकतो. हातात पडणारा आकडा मला तरी दोन्हीकडे सारखाच वाटला, फरक कागदाचा. दहा माणसं कामाला असली की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा लागतो, वीस झाली की पीएफ. चार पोरांच्या दुकानात दोन्ही नाही. शोरूममध्ये पगार १५,००० धरला तर ईएसआयचे ०.७५ टक्के, म्हणजे ११३ रुपये तुमचे जातात आणि कंपनी वरून ३.२५ टक्के भरते. पीएफचे १२ टक्के वेगळे. पहिल्या स्लिपला सगळे कुरकुरतात, मीही कुरकुरलो होतो. नंतर गाडीच्या कर्जाला तीच स्लिप लावली. गल्लीत स्लिप नाही, पण बहिणीच्या साखरपुड्याला काकांनी, म्हणजे दुकानाच्या मालकांनी, गल्ल्यातनं उचल काढून दिली आणि चार महिन्यांत थोडी थोडी कापून घेतली. शोरूममध्ये उचल मागितली असती तर ॲपवर अर्ज करा म्हणाले असते.

वेळेचं गणित चमत्कारिक आहे. दुकान कायद्यात आठवड्याला ४८ तास आणि एक सुट्टी असं लिहिलंय. शोरूम ते पाळतं, पण रविवार तिथं सगळ्यात गर्दीचा, त्यामुळं सुट्टी मंगळवारी नाहीतर बुधवारी. गल्लीत दुपारी घरी जाऊन जेवून थोडं आडवं होता येतं, मात्र जूनमध्ये रात्री शटर कधी खाली येईल ते पावसाला ठाऊक. ट्रेकच्या हौसेनं या धंद्यात येणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: सगळे पारगडला निघतात त्या दिवशी तुम्ही त्यांना सॅक विकत असता. बुधवारी मी एकटाच महिपाळगडला जाऊन यायचो. बरोबर यायला कोण असणार?

आता शिकण्याचं. इथं शोरूमला पूर्ण मार्क द्यायला हवेत, निदान बुटांच्या बाबतीत. गल्लीत आम्ही नंबर विचारायचो आणि खोका काढायचो. शोरूममध्ये दोन्ही पाय उभ्यानं मोजायला शिकवलं, कारण एक पाय बहुतेकांचा थोडा लांब असतो आणि माप त्याचं घ्यायचं. बूट घालून उतारावरनं चालवून बघायचं. बोटं पुढं आदळली तर उतरताना नखं काळी पडणार. शनिवारी तंबू फरशीवर उभा करून दाखवायचा, ग्राहकाला आत झोपू द्यायचं. अशी जागा गल्लीत कुठली! तिथं तंबू बघायचा म्हणजे पिशवीवरचं चित्र बघायचं.

पण शोरूममध्ये एकाच कंपनीचा माल आणि एकाच कंपनीची भाषा. रेनजॅकेटच्या लेबलवर २,००० एमएम असं लिहिलेलं असतं. चंदगडकडच्या एका मास्तरांनी विचारलं, "आंबोलीत वर्षाला सात हजार मिलीमीटर पडतो, मग हे दोन हजारचं कसं पुरणार?" माझ्याबरोबरचा पोरगा त्यांना सरळ महागड्या जॅकेटकडं घेऊन गेला. प्रश्न वेडगळ नव्हता, पण ते दोन वेगळे मिलीमीटर आहेत. लेबलवरचा आकडा म्हणजे कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ ठेवला की पाणी आत झिरपायला लागतं तो. हे मला काकांनी सांगितलं होतं, आणि पुढचंही: पाणी आधी शिवणीतनं येतं, म्हणून जॅकेट उलटं करून आतली टेप बघ.

दुसरा प्रसंग बुटांचा. हिंडलग्याचा एक गृहस्थ तणतणत आला, महागाचे ट्रेकिंगचे बूट, दोन्ही तळवे निखळलेले. काकांनी सोलचा तुकडा चिमटीत धरला तर ओल्या बिस्किटागत भुगा झाला.

"वापरलासा किती?"

"दोनदा. चार वर्षं खोक्यात जपून ठेवलंतं."

"जपलासा म्हणूनच गेलं की."

पॉलीयुरेथेनचा, म्हणजे फोमसारख्या प्लॅस्टिकचा सोल हवेतली ओल धरतो आणि हळूहळू आतनं विरतो, न वापरता नुसता ठेवला तरी. बेळगावच्या पावसाळ्यात बंद खोक्यात तर हमखास. काकांनी मला त्या माणसाबरोबर चांभाराकडं पाठवलं, रबराचा सोल शिवून होईपर्यंत मी तिथं बसून बघितलं. शोरूममध्ये अगदी असेच बूट आले तेव्हा बिल स्कॅन झालं, मुदत संपलेली निघाली, सॉरी सर म्हणून विषय मिटला. मुदतीत असते तर पैसे परत मिळाले असते, तेही झटक्यात. सोल का गेला हे दोन्ही वेळा कुणी विचारलं नसतं.

भाषेचा बाऊ करू नका. गल्लीत मराठीवर भागतं, पण बैलहोंगल-गोकाककडचं गिऱ्हाईक आलं की "एन बेकरी?" (काय पाहिजे?) एवढं कन्नड तरी यायलाच पाहिजे. शोरूममध्ये सकाळची मीटिंग हिंदी-इंग्रजीत, रिपोर्ट इंग्रजीत. कन्नड बोलणाऱ्याला तिथं भाव जास्त.

मामेभावाला मी गल्ली सुचवली, कारण पुढं खानापुरात स्वतःचं दुकान टाकायचं त्याच्या डोक्यात आहे. माल कुठनं येतो, उधारी कशी वसूल होते, भरतीच्या पोरांना १६०० मीटर धावायला कुठले बूट परवडतात, हे त्याला तिथंच दिसेल. डोक्यावर हप्ते असलेल्या, किंवा पुण्या-बेंगळुरूला बदली घेऊन जायची इच्छा असलेल्या माणसाला मी बिनदिक्कत शोरूम सांगेन. कॉलेज करत काही तास काम हवं असेल तरी शोरूमच बरं.

गल्लीत जायचं ठरलं तर मेच्या मध्याला विचारायला जा. ताडपत्री आणि गमबुटाचे गठ्ठे तेव्हाच उतरतात आणि हात कमी पडत असतात. ऑगस्टात गेलात तर काका चहा पाजतील आणि पुढच्या वर्षी ये म्हणतील.