ऑफिसच्या लिनक्स मिंटवर युजरनेम सांभाळताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

सातपूर एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या युनिटच्या ऑफिसात डेस्कटॉप एकच. ड्रॉइंग, चलनं, हजेरी, इन्स्पेक्शन रिपोर्ट सगळं त्यावर. दिवाळीनंतर त्यावर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आणि प्रत्येकाला वेगळं खातं दिलं. मिंटबद्दल पुष्कळ लिहून झालंय, मी फक्त खात्यांच्या नावांबद्दल लिहितो.

पहिली गोष्ट, लॉगिनचं नाव आणि पूर्ण नाव या दोन वेगळ्या गोष्टी धरा. लॉगिनचं नाव छोट्या इंग्रजी अक्षरांत, शक्यतो आठ अक्षरांच्या आत ठेवलं. त्याहून लांब नाव चालू प्रोग्रॅम दाखवणाऱ्या पीएस कमांडच्या यादीत कापलेलं दिसतं. पूर्ण नाव मात्र देवनागरीत दिलं. लॉगिन स्क्रीनवर तेच दिसतं, त्यामुळे स्टोअरमधल्या काकांनाही आपलं खातं शोधावं लागत नाही. ज्ञानेश्वरचं स्पेलिंग डीएनवायने की जीवायने, हा वादही मिटला.

खरी कसोटी लागली ती क्वालिटीतला मुलगा नोकरी सोडून गेला तेव्हा. साहेब म्हणाले, "नवीन खातं कशाला? नाव बदलून नव्या पोराला देऊन टाक." मी हट्टाने नाही म्हटलं. सिस्टिम फाइलचा मालक नावाने नाही, क्रमांकाने ओळखते. साध्या खात्यांचे क्रमांक १००० पासून सुरू होतात, सर्वाधिकार असलेल्या रूट खात्याचा ०. नाव बदललं तरी क्रमांक तोच राहतो, म्हणजे जुन्या मुलाने केलेले सगळे रिपोर्ट नव्याच्या नावावर दिसू लागतील. उद्या ग्राहकाच्या ऑडिटमध्ये कोणी विचारलं तर काय सांगणार? जुनं खातं लॉक केलं, नवं उघडलं, चालू कामाच्या फायली तेवढ्या सामायिक फोल्डरमध्ये हलवल्या. खातं पुसूनही टाकलं नाही, कारण नवं खातं उघडणारा अ‍ॅडयुजर पहिला मोकळा क्रमांक उचलतो आणि मागे राहिलेल्या फायली आपोआप नव्या माणसाच्या होऊ शकतात.

माणूस तोच असेल तर मात्र नाव खुशाल बदला. अकाउंट्सच्या ताईंचं लग्नानंतर आडनाव बदललं, त्यांचं खातं मी बदलून दिलं. मिंटच्या खात्यांच्या सेटिंगच्या खिडकीतून फक्त पूर्ण नाव बदलतं, ही मला मोठी उणीव वाटते. लॉगिनच्या नावासाठी टर्मिनलच, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी. संगणक रिस्टार्ट करून थेट दुसऱ्या अ‍ॅडमिन खात्यात शिरायचं, नाहीतर मागे चालू असलेल्या प्रोसेसमुळे खातं बदलणारी युजरमॉड कमांड नकार देते. युजरमॉडचा एल पर्याय नुसतं नाव बदलतो. होम फोल्डर हलवायला डी आणि एम सोबत द्यावे लागतात आणि त्याच नावाच्या ग्रुपसाठी ग्रुपमॉड वेगळं चालवावं लागतं. क्रॉनटॅब, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी, स्वतः हलवावा लागतो. ताईंचा रोजचा बॅकअप त्यावरच होता, म्हणून तो सगळ्यात आधी तपासला. ज्या शॉर्टकटमध्ये जुन्या होम फोल्डरचा पूर्ण पत्ता होता, ते नव्याने करावे लागले. एवढं केल्यावर फायलींना हात लावावा लागला नाही. क्रमांक तोच, मालकी तीच.

आता पॅकिंग विभागासाठी दुसरा डेस्कटॉप येतोय. दोन्ही एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फायली सामायिक करायच्या पद्धतीने, जोडायचेत आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये एनएफएसही क्रमांकच पाठवतं. म्हणून तिथली खाती उघडताना अ‍ॅडयुजरला प्रत्येकाचा क्रमांक मीच देणार आहे, इथल्या यादीशी पडताळून.