हाऊसबोटीचा संडास आणि २८ हजारांची टोपी

कर्ली खाडीत आमची दोन खोल्यांची हाऊसबोट आहे. मे महिन्याच्या तोंडावर संडासातून वास मारायला लागला, म्हणून ओळखीतून एका ठेकेदाराला बोलावलं. त्याने नाक मुरडून निदान केलं, सगळा पाइप कामातून गेलाय. नवा पाइप, मैल्याच्या टाकीचा व्हेंट (हवेची नळी) साफ आणि वर ‘इम्पोर्टेड’ औषध, असे २८,००० रुपये घेतले. कच्च्या पावतीवर.

सुरुवातीला बोट अत्तराच्या दुकानासारखी घमघमत होती. मग वास परत आला, आता फिनाईल मिसळून.

फोन केला तर म्हणे, "भाऊ, खारं पाणी आहे, वास येणारच." यात अर्धं खरं आहे, म्हणूनच अशांची थाप पचते. फ्लशसाठी खाडीचं पाणी ओढणाऱ्या पाइपात रात्रभर साचलेल्या खाऱ्या पाण्यातले बारीक जीव मरून कुजतात आणि सकाळी पहिला पंप मारला की सडक्या अंड्यांचा वास सुटतो. बोट बंद ठेवण्याआधी गोडं पाणी फिरवलं की तो राहत नाही. आमचा दिवसभर हटत नव्हता.

शेवटी मालवणचा एक जुना मिस्त्री आला. त्याने गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाइपाला गुंडाळलं आणि गार झाल्यावर माझ्या नाकाशी धरलं. कमोडजवळ काहीच नाही. मग बिछान्याखालची फळी उचकटली. आत जुना, पिवळा पडलेला पाइप जसाच्या तसा, दोन्ही टोकांना हातभर नवे तुकडे जोडलेले! तिथलं फडकं नाकाशी धरवेना. वास पाइपाच्या भिंतीतूनच झिरपत होता. बाहेर व्हेंटच्या तोंडात कुंभारीण माशीचं मातीचं घर, कोरडं ठणठणीत. ‘साफ’ करणाऱ्याने तिथे काडीसुद्धा घातली नव्हती. टाकीला हवा मिळाली नाही की हवेशिवाय जगणारे जंतू माजतात आणि घाण वायू सोडतात. त्यावर निळ्या बाटलीतलं औषध फक्त पांघरूण.

कोणाकडूनही हे काम करून घ्याल तर काढलेला जुना पाइप ताब्यात मागा आणि टेपने मोजा. फळ्या पुन्हा ठोकायच्या आधी स्वतः वाकून बघा. नवा पाइप जाड भिंतीचा, आतून गुळगुळीत हवा. शेतीपंपाचा सक्शन पाइप गळ्यात मारतात, तो चालत नाही. पैसे पक्क्या बिलावरच द्या.

ठेकेदार आता फोन उचलत नाही. देवबागच्या एका बोटमालकाला मात्र त्याने आमच्याच बोटीचे फोटो दाखवून काम मागितलं. त्या मालकाला मी फळीखालचा फोटो पाठवलाय.